तार, कागद आणि स्मृती : त्रिनिदादच्या कार्निव्हलमधील वेशकारागिरीचा इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दफ्तरे, फर्माने, बखरी, शिलालेख आणि नाणी येतात. आपण वर्गात विद्यार्थ्यांना हेच शिकवतो आणि ते चुकीचेही नाही. परंतु ज्यांना अक्षर शिकण्याचीच मनाई होती, ज्यांची नावे दफ्तरात आली ती केवळ मालमत्तेच्या यादीत, त्या माणसांनी आपला इतिहास कोठे लिहिला, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर देणे सोपे नसते. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटाने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. तेथे हा इतिहास तारेच्या सांगाड्यावर, कागदाच्या लगद्यात आणि कापडाच्या तुकड्यांवर लिहिला गेला. वर्षातून दोन दिवस तो रस्त्यावर आला आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्यात गेला.

त्रिनिदाद आपल्याला अगदीच अपरिचित नाही. व्ही. एस. नायपॉल आणि ब्रायन लारा यांची ही जन्मभूमी. ॲश वेन्सडे, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, याच्या आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जे कार्निव्हल होते, ते दूरचित्रवाणीवर अनेकांनी पाहिले असेल. पाहणाऱ्याला त्यात रंग, पिसे आणि नाच दिसतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या रंगामागची कारागिरी हा आहे. ती कोणाच्या हातून निर्माण झाली, तिने कोणता इतिहास सांभाळला आणि आज तिच्यापुढे कोणते संकट आहे, एवढ्या तीन मुद्द्यांपुरता हा विचार मर्यादित आहे.

मुखवट्यामागचा समाज

त्रिनिदाद स्पेनच्या ताब्यात असताना १७८३ साली स्पेनच्या राजाने एक फर्मान काढले. कॅथलिक पंथाच्या परदेशी वसाहतकारांनी या बेटावर यावे, त्यांना जमीन मिळेल, असे ते फर्मान होते. गुलाम सोबत आणणाऱ्याला त्यांच्या संख्येप्रमाणे जास्त जमीन मिळत असे. त्यामुळे शेजारच्या बेटांवरील फ्रेंच मळेवाले आपल्या आफ्रिकी गुलामांसह मोठ्या संख्येने येथे आले. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तरी समाजातील वरच्या थराची भाषा आणि रीतिरिवाज दीर्घकाळ फ्रेंचच राहिले. उपवासकाळापूर्वी मुखवटे घालून मेजवान्या करण्याची प्रथा या मळेवाल्यांचीच.

या मेजवान्यांत एक विलक्षण सोंग असे. मळ्याचे मालक स्वतः शेतावरील गुलामाचा वेश घेत. उसाच्या फडाला आग लागली की गुलामांना मशाली देऊन, चाबकाच्या धाकाने तेथे पळवत नेले जाई. त्या प्रसंगाची नक्कल मालकमंडळी करमणूक म्हणून करीत. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८३८ मध्ये प्रत्यक्ष मुक्ती मिळाली. त्यानंतर मुक्त झालेल्यांनी हेच सोंग आपल्या हाती घेतले. जळणारा ऊस या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्याला 'कॅनबुले' हे नाव पडले. ज्यांची नक्कल होत होती तेच आता आपल्या भूतकाळाची नक्कल करू लागले, आणि सोंगाचा अर्थ उलटा झाला. मालकाच्या अंगावर जी थट्टा होती, ती मुक्त माणसाच्या अंगावर साक्ष झाली.

पुढे जी पारंपरिक सोंगे रूढ झाली त्यांत हीच वृत्ती दिसते. 'डेम लॉरेन' हे सोंग फ्रेंच मळेवाल्यांच्या नटव्या स्त्रियांची टिंगल करते. त्यासाठी छातीवर आणि नितंबांवर कापडाच्या मोठाल्या गाद्या बांधतात. 'जॅब मोलासी' म्हणजे काकवीचा सैतान. अंगाला काकवी फासलेला हा सैतान साखरेच्या मळ्याची आठवण अक्षरशः अंगावर घेऊन फिरतो. 'मोको जंबी' हा उंच काठ्यांवर चालणारा पश्चिम आफ्रिकेच्या परंपरेतला पुरुष. 'मिडनाइट रॉबर' हा मोठ्या घेराची टोपी आणि झगा घातलेला दरोडेखोर, जो लांबलचक फुशारकीची भाषणे करून पैसे मागतो. 'बुरोकीत' हे कमरेभोवती गाढवाचा सांगाडा बांधून नाचण्याचे सोंग शेजारच्या व्हेनेझुएलाकडून आलेले आहे. भारतीय मजुरांच्या वस्तीत याच जातीचे घोड्याचे सोंग 'सुमारी' या नावाने नाचवले जाई. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत कमरेला लाकडी घोडी बांधून नाचणारे कलावंत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा सांगाडा कसा असेल हे वेगळे सांगायला नको.

बंदीची दोन वर्षे

इंग्रज अधिकाऱ्यांना हे सारे असभ्य आणि धोकादायक वाटे. १८८१ साली पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने कॅनबुलेच्या मशाली आणि लाठ्या बळाने बंद करण्याचा प्रयत्न केला आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोठी दंगल झाली. शेवटी गव्हर्नर फ्रीलिंग यांना स्वतः जमावापुढे येऊन पोलीस मागे घ्यावे लागले. परंतु १८८४ मध्ये कायदा करून मशाली, ढोल आणि लाठीधाऱ्यांचे जमाव यांवर निर्बंध आणले गेले.

त्याच वर्षी दुसरी एक मिरवणूकही सरकारच्या नजरेत आली. १८४५ च्या मे महिन्यात 'फातेल रझाक' हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले होते. १९१७ मध्ये करारबद्ध मजुरी थांबेपर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय या बेटावर आले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते, काही मद्रासकडचे होते. त्यांनी सोबत मोहरम नेला. हुसेनच्या नावाने चालणारा तो सण तेथे 'होसे' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यात मुसलमानांबरोबर हिंदू मजूरही असत, आफ्रिकी वंशाचे लोकही सामील होत. १८८४ मध्ये सरकारने या मिरवणुकांना शहरात येण्यास बंदी केली. बंदी उठवावी म्हणून मजुरांनी जो अर्ज केला, त्याचा पुढाकार सुखू नावाच्या एका हिंदू मजुराकडे होता. अर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मजूर आपले ताबूत घेऊन सॅन फर्नांडो शहराकडे निघाले, तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. मृतांचे आकडे वेगवेगळ्या नोंदींत वेगवेगळे आहेत. जखमींची संख्या मात्र शंभरावर होती, याबद्दल दुमत नाही.

एकाच वर्षी, एकाच सरकारने, दोन वेगळ्या समाजांच्या दोन वेगळ्या मिरवणुकांवर हात टाकला. अभ्यासक या दोन घटना अनेकदा वेगवेगळ्या प्रकरणांत मांडतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या एकत्र पाहाव्या लागतात. मशाल हिरावून घेता येते, लाठी जप्त करता येते, ढोलावर कायदा करता येतो. वेश मात्र अंगावर असतो आणि त्याचा अर्थ ज्याला ठाऊक त्यालाच कळतो. कॅनबुलेच्या मशाली विझल्यानंतरच्या दशकांत त्रिनिदादच्या गरीब वस्त्यांतील कल्पकता अधिकाधिक वेशाकडे वळली, ती या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे.

मास कॅम्पमधील हुनर

मुखवट्याच्या खेळाला त्रिनिदादमध्ये थोडक्यात 'मास' म्हणतात आणि वेश घेऊन रस्त्यावर उतरण्याला 'मास खेळणे'. ज्या जागेत हे वेश तयार होतात तिला 'मास कॅम्प' हे नाव आहे. एखाद्याच्या घराचे अंगण, मागची पडवी किंवा भाड्याची खोली यासाठी पुरते. कार्निव्हलच्या आधीचे काही महिने दिवसा नोकरी करणारे शिंपी, सुतार, पत्राकाम करणारे आणि शेजारपाजारच्या बायका रात्री येथे एकत्र येतात. येथे हुनर हाताकडून हाताकडे जातो. नवशिका आधी डिंक लावतो, मग टिकल्या चिकटवतो, मग कापड कापतो, आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या हाती पक्कड दिली जाते.

या कामाचा कणा म्हणजे तार वळवणारा कारागीर. मोठ्या वेशाचे वजन माणसाच्या खांद्यावर आणि कमरेवर पडते. तो वेश घेऊन त्याला कडक उन्हात तासन्‌तास नाचायचे असते. म्हणून सांगाडा हलका हवा, वाऱ्यात टिकणारा हवा आणि शरीराबरोबर हलणारा हवा. कारागीर प्रथम खडूने जमिनीवर आकृती काढतो, तिच्या रेषेवर तार ठेवून पक्कडीने वळवतो आणि सांधे चिकटपट्टीने घट्ट बांधतो. जाड तार भार घेते, बारीक तार आकार देते. पुढे तारेच्या जोडीला वेत, ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासच्या लवचिक काड्याही आल्या. हे गणित कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. कोणती तार किती वाकली म्हणजे तुटेल, हे बोटांनाच ठाऊक असे.

दुसरी विद्या कागदाची. मातीचा साचा करून त्याला तेल लावायचे, खाकी कागदाचे तुकडे खळीत भिजवून थरावर थर द्यायचे, उन्हात वाळवायचे, मग साच्यावरून उतरवून रंगवायचे. या रीतीने प्राण्यांची डोकी, मुखवटे आणि 'फॅन्सी सेलर' या नाविकाच्या सोंगाची अजस्र शिरोभूषणे तयार होत. नाविकांची सोंगे बंदरावर येणाऱ्या परदेशी खलाशांवरून सुरू झाली. साध्या पांढऱ्या गणवेशाच्या या सोंगाच्या टोपीवर पुढे मासे, पक्षी आणि विमानेही चढली. खलाशाच्या ऐटीची ही थट्टा होती.

या कारागिरांपैकी काहींची नावे तरी इतिहासात राहिली. तांब्याच्या पत्र्यावर ठोकून उठाव देण्याच्या कामासाठी केन मॉरिस प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या तांबट आळीतला माणूस त्यांचे काम पाहून लगेच मान डोलावेल. तारेच्या कामात सीटो व्हेलास्केझ यांचा दबदबा होता. १९५९ साली त्यांनी फळे आणि फुले या विषयावर आणलेल्या पथकात तारेला जो नाजूकपणा आला, त्याचा उल्लेख आजही आदराने होतो. अशा नावांमागे शेकडो निनावी हात आहेत, हे विसरता येत नाही.

ग्रंथालयातून रस्त्यावर

१९५० च्या दशकात ऐतिहासिक विषयांवरील मोठ्या पथकांचा काळ आला. हॅरल्ड साल्डेना यांनी १९५५ मध्ये रोमन साम्राज्याचा देखावा आणला. पथकाचे प्रमुख सचित्र मासिके, ग्रंथालयातील पुस्तके आणि हॉलीवूडचे ऐतिहासिक चित्रपट यांतून चिलखतांचे, शिरस्त्राणांचे आणि ढालींचे तपशील गोळा करीत. शाळा अर्धवट सोडलेला कारागीर त्या निमित्ताने रोमचा इतिहास वाचू लागला.

परंतु या काळातील खरी महत्त्वाची घटना १९५७ ची. जॉर्ज बेली यांनी 'बॅक टू आफ्रिका' हा विषय घेतला. तोपर्यंत कार्निव्हलमधील आफ्रिकी माणूस म्हणजे गवताचा झगा आणि भाला असा ठरलेला साचा होता. मळेवाल्यांच्या नजरेतून आलेली ती प्रतिमा होती आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनीही ती अंगीकारली होती. बेली यांनी राजवस्त्रे, अलंकार, ढाली आणि दरबार असलेला आफ्रिका रस्त्यावर आणला. देश स्वतंत्र व्हायला अद्याप पाच वर्षे होती. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास शाळेत शिकवलाच जात नव्हता, त्यांनी तो प्रथम अंगावर घातला आणि मग त्यावर विश्वास ठेवला. बेली यांनी पुढे १९५९ मध्ये प्राचीन इजिप्तवर पथक आणले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

त्रिनिदादचे कादंबरीकार अर्ल लव्हलेस यांच्या 'द ड्रॅगन कान्ट डान्स' (१९७९) या कादंबरीचा नायक दरवर्षी नव्याने ड्रॅगनचा वेश शिवतो. त्या वेशाच्या प्रत्येक खवल्यात तो आपल्या लोकांची कथा घालत असतो. इंग्रजी विभागातील सहकाऱ्यांनी ही कादंबरी इतिहासाच्या वर्गाबरोबर जोडून शिकवली तर दोन्ही विषयांचा लाभ होईल.

पीटर मिन्शल आणि हलणारे शिल्प

१९७० नंतरच्या काळावर पीटर मिन्शल यांची छाप आहे. १९४१ मध्ये गयानात जन्मलेले आणि त्रिनिदादमध्ये वाढलेले मिन्शल लंडनला रंगभूमीचे नेपथ्य शिकले. १९७४ मध्ये त्यांनी आपल्या मानलेल्या बहिणीसाठी हमिंगबर्ड पक्ष्याचा वेश तयार केला. दिसायला तो लहान होता, परंतु त्याची रचना क्रांतिकारक होती. पंखांच्या काड्या नाचणारीच्या शरीराला अशा जोडल्या होत्या की तिने हात हलवला की सगळा पंख थरथरे. ही कल्पना त्यांना जुन्या वटवाघळाच्या सोंगावरून सुचली, असे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. शिकलेल्या कलावंताने अशिक्षित कारागिराचे ऋण मान्य केले, हा यातला मोलाचा भाग.

१९८३ च्या 'रिव्हर' या पथकात त्यांनी पांढरी धुणेवाली आणि यंत्रांचा हावरा 'मॅनक्रॅब' यांचा संघर्ष उभा केला. सोमवारी हजारो लोक पांढऱ्या वेशात नदी होऊन चालले आणि मंगळवारी ती नदी रंगांनी गढूळ झाली. निसर्गाच्या नाशाविषयीचे हे व्याख्यान एकही शब्द न बोलता दिले गेले. पुढे बार्सिलोना (१९९२), अटलांटा (१९९६) आणि सॉल्ट लेक सिटी (२००२) येथील ऑलिंपिकच्या सोहळ्यांत त्यांचे काम होते. दुकानांपुढे हवेने फुगवून नाचवले जाणारे कापडी माणसाचे पुतळे आपण पाहतो. त्यांचे मूळ अटलांटासाठी मिन्शल यांनी केलेल्या कल्पनेत आहे.

ताजा आणि मास

होसेचा उल्लेख वर आला. सेंट जेम्स या पोर्ट ऑफ स्पेनच्या उपनगरात आणि सेड्रॉसमध्ये ही परंपरा टिकून आहे. ताबुताला तेथे 'ताजा' म्हणतात. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि चमकता पत्रा यांपासून तो बंद जागेत अनेक आठवडे बांधला जातो. बांधणारे त्या काळात मद्यमांस वर्ज्य करतात. मिरवणुकीत ताशाच्या तालावर हसन-हुसेन यांच्या नावाचे हिरवा आणि लाल असे दोन चंद्र नाचवले जातात आणि शेवटी ताजे समुद्रात सोडले जातात. दख्खनमध्ये बेगड लावलेले ताबूत पाहिलेल्या वाचकाला यातले बहुतेक काही परके वाटणार नाही.

बाहेरून पाहणारे होसेला कार्निव्हलचाच एक प्रकार समजतात. होसे करणारी घराणी मात्र हे ठामपणे नाकारतात. त्यांच्या दृष्टीने तो शोक आहे, उत्सव नव्हे. दुसरीकडे त्रिनिदादमधील काही मुस्लिम संस्थांना ही मिरवणूकच मान्य नाही. फ्रँक कोरोम यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात हे सर्व पक्ष नीट मांडले आहेत. तेव्हा ताजा आणि मास एकच आहेत असे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे होईल. साम्य आहे ते निराळ्या ठिकाणी. दोन्हींत रात्रंदिवस राबून केलेली वस्तू शेवटी ठेवली जात नाही. एक समुद्राला मिळते, दुसरी बुधवारी सकाळी रस्त्याच्या कडेला पडलेली असते. वस्तू जाते आणि ती करण्याची विद्या हातात उरते. पुढच्या वर्षी त्याच हातांनी ती पुन्हा करायची, हीच या परंपरांची जतनपद्धती.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. करारबद्ध भारतीय मजुरांची कागदपत्रे युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक स्मृतिपटलावर नोंदवली. त्या कागदांत मजुराचे नाव, गाव, उंची आणि अंगावरची खूण सापडते. त्याला काय येत होते, त्याचे हात काय घडवू शकत होते, हे त्यात बहुधा सापडत नाही. ते शोधायचे तर ताजा बांधणाऱ्याच्या अंगणात जावे लागते.

पिसे, मणी आणि आयात

ज्या परंपरेची जपणूक केवळ हातात असते, तिचा धोकाही तेथेच असतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठ्या पथकांचे स्वरूप बदलले. मणी आणि पिसे लावलेले तोकडे वेश हा मुख्य प्रवाह झाला आणि त्यांचे बरेचसे उत्पादन चीनसारख्या देशांत होऊ लागले. आता पथकात नाव नोंदवून पैसे भरले की तयार वेश मिळतो. अनेक मास कॅम्प वेश बनवण्याची नव्हे, वाटण्याची जागा झाले.

या बदलाकडे केवळ नीतीच्या चष्म्यातून पाहणे पुरेसे नाही. पथकांत आज स्त्रियांची संख्या फार मोठी आहे. दोन दिवसांचे मोकळेपण त्यांना हवे आहे, आणि जड सांगाड्यापेक्षा हलका वेश त्यांना सोयीचा वाटतो. आयोजकांनाही हजारो वेश वेळेवर आणि परवडणाऱ्या किमतीत हवे असतात. हे सारे खरे आहे. परंतु तार वळवणाऱ्याला काम मिळाले नाही तर तो शिष्य घेत नाही. शिष्य नसेल तर त्याच्यामागे विद्या उरत नाही. वस्तुसंग्रहालयात जुना वेश ठेवून ही हानी भरून येत नाही, कारण वेश पाहून तो वळवण्याची रीत कळत नाही.

प्रतिकाराचीही उदाहरणे आहेत. ब्रायन मॅकफार्लेन यांच्या पथकांनी २००७ पासून पुढची काही वर्षे हस्तकलेवर आणि कथानकावर भर देऊन स्पर्धा जिंकल्या. त्यांच्या २००७ च्या पथकाचा विषय 'इंडिया : द स्टोरी ऑफ बॉई' हा होता. ज्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत, तेथे कार्निव्हलच्या मध्यभागी भारत हा विषय येणे अर्थपूर्ण होते. २०१६ मध्ये मिन्शल यांनी दीर्घ खंडानंतर मरणासन्न हंसाचा एकच वेश आणला. त्यात चाके नव्हती, डोंगराएवढी पिसे नव्हती. मोको जंबीच्या काठ्यांवर बॅले नर्तकीसारखा तोल सांभाळणारा एक तरुण होता, आणि तो त्या वर्षीचा कार्निव्हलचा राजा ठरला. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सेंट ऑगस्टीन येथील शाखेत कार्निव्हलचा अभ्यास पदवीच्या पातळीवर शिकवला जाऊ लागला. महासाथीमुळे २०२१ चे कार्निव्हल रद्द झाले आणि २०२३ मध्ये ते पूर्ण स्वरूपात परतले. एक वर्ष हात थांबले तर काय थांबते, याचा अनुभव त्या समाजाने घेतला.

समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी पुढे येतात. पहिली अशी की कारागिरी हे इतिहासाचे साधन आहे, परंतु ते वस्तूत नसून कृतीत असते. काकवी फासलेला सैतान, आफ्रिकेचा राजवेश आणि समुद्रात सोडलेला ताजा ही कागदावर न उतरलेल्या माणसांची साक्ष आहे. दुसरी गोष्ट आपल्या अध्यापनाशी संबंधित आहे. आपल्या महाविद्यालयांत ताबूत बांधणाऱ्यांची, जरीकाम करणाऱ्यांची, तांबटांची, शिंप्यांची मुले शिकतात. घरातल्या हुनराला विद्या म्हणता येते, हे त्यांना आपण सांगितलेले नसते. वार्षिक प्रकल्पासाठी अशा विद्यार्थ्याला घरातील वडीलधाऱ्यांच्या कामाची रीत टप्प्याटप्प्याने लिहून आणायला सांगावे. हत्यारांची नावे, मापे, चुकले तर काय होते, कोणाकडून शिकले, हे सारे त्यात यावे. या कामाला अनुदान लागत नाही आणि वेगळी परवानगीही लागत नाही. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवर मात्र ते झाले पाहिजे.